मध्ये ही रॅपरची भानगड कशाला?

बाणेरच्या आमच्या ऑफिसात नवीन मुलं आली की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी विचारतंच, "मॅडम, ऑब्जेक्ट तयार आहे ना? मग तेच टेम्प्लेटला देऊन टाकू. मध्ये ही रॅपरची भानगड कशाला?" मागच्या वेळी हा प्रश्न टपरीवर आला, माझ्या एका हातात चहा आणि दुसऱ्यात क्रीमरोल. तिथे काही धड सांगता आलं नाही, म्हणून आता सांगते.

आम्ही फ्रीमार्कर वापरतो. जावा या भाषेतल्या प्रोग्रामकडून माहिती (ऑब्जेक्ट) घेऊन ती टेम्प्लेटमध्ये, म्हणजे बिलाच्या किंवा ईमेलच्या साच्यात, भरणारं हे साधन. त्याच्या टेम्प्लेटला जावा कळत नाही. त्याला कळतात स्ट्रिंग (मजकूर), नंबर, तारीख, बूलियन (हो किंवा नाही), हॅश (किल्ली आणि तिची किंमत अशा जोड्या), सीक्वेन्स (क्रमवार यादी) अशा मोजक्या जाती. आत काहीही पाठवलं की ऑब्जेक्ट रॅपर त्याला यांपैकी एखादं सोंग चढवतो. मॅपचा हॅश होतो, लिस्टचा सीक्वेन्स. तुमचा स्वतःचा क्लास असला तर त्याचे गेटर (आतली माहिती वाचून देणाऱ्या मेथड) हॅशच्या किल्ल्यांसारखे दिसतात आणि पब्लिक मेथडही टेम्प्लेटमधून बोलावता येतात. म्हणजे "थेट" दिलं असं आपल्याला वाटतं तेव्हाही रॅपर असतोच, फक्त काय दाखवायचं ते दुसऱ्या कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं.

ते मला महागात पडलं कोथरूडच्या एका सोसायटीत. मेन्टेनन्स बिलांचं काम होतं. बिल क्रमांक साधा इंटिजर, टेम्प्लेटमध्ये सरळ छापला, ईमेलमधल्या लिंकमध्येही तसाच. नऊशे नव्व्याण्णव बिलं सुरळीत गेली. हजाराव्याची लिंक उघडेना. बघते तर पत्त्यात १००० च्या जागी १,०००. फ्रीमार्करच्या लेखी तो नंबर, आणि नंबर माणसांना वाचायचा म्हणून त्याने लोकेलप्रमाणे (ठरवलेल्या देश-भाषेच्या रिवाजाप्रमाणे) स्वल्पविराम घातला. त्याचं काय चुकलं? क्रमांकाची बेरीज-वजाबाकी कुणी करत नाही, तो निव्वळ नाव असतो, हे मी त्याला कुठे सांगितलं होतं! पुढे प्रश्नचिन्ह आणि सी (?c) लावलं की स्वल्पविराम जातो. पण ते दर ठिकाणी आठवणीने लावायचं. अकरा जागा होत्या, मी नऊ ठिकाणी लावलं.

रकमांचं दुखणं याच्या उलट. तिथे स्वल्पविराम हवेत, पण आपले. सिंकिंग फंडापुढे १,२३४,५६७ छापून आलं आणि खजिनदार काकांनी (बँकेतून निवृत्त, चष्मा नाकाच्या टोकावर) कागद माझ्यापुढे सरकवला. "हे मिलियन आम्ही कुठल्या रजिस्टरात लिहायचे? बारा लाख म्हणायला तुमच्या मशीनला जड जातं का?" जातं, काका. आकडे छापणाऱ्या जावाच्या डेसिमल फॉरमॅटला एकाच मापाचे गट येतात. पॅटर्नमध्ये किती का स्वल्पविराम घाला, तो फक्त शेवटच्याकडे बघतो, बाकीचे सोडून देतो. लोकेल भारताचं दिलं तरी लाख काही उमटत नाही.

मग रकमेचा स्वतंत्र क्लास केला आणि डिफॉल्ट ऑब्जेक्ट रॅपरवरून आमचा रॅपर बेतला. त्यात 'हँडल अननोन टाइप' नावाची मेथड असते. अनोळखी क्लास आला की तो तिच्याकडे येतो. रक्कम असेल तर आमचं मॉडेल (टेम्प्लेटला दिसणारं सोंग) द्यायचं, नसेल तर मूळ रॅपरकडे सोपवायचं. पहिल्या खेपेला मी ते मॉडेल स्ट्रिंगही केलं आणि नंबरही, दोन्ही सोयी मिळतील म्हणून. पुन्हा मिलियन! छापताना फ्रीमार्कर आधी नंबर आहे का ते बघतो, स्ट्रिंगची पाळी नंतर. आता ते स्ट्रिंग आणि हॅश आहे. छापलं तर १२,३४,५६७, आणि तुलना करायची तर आतून खरा आकडा मागायचा.

डेटाबेसची एन्टिटी (तिथल्या एका नोंदीचं ऑब्जेक्ट) जशीच्या तशी आत सोडणं तर मला अजिबात पटत नाही. टेम्प्लेट लिहिणाऱ्या मुलीने फ्लॅट, मालक, वाहनं अशी साखळी लिहिली तर तिची काय चूक? पण लेझी लोडिंगमुळे (मागितल्यावरच डेटाबेसमधून आणायची पद्धत) चौऱ्याऐंशी फ्लॅटना चौऱ्याऐंशी वेगळ्या क्वेऱ्या सुटतात आणि सेशन (डेटाबेसशी चालू असलेलं संभाषण) आधीच बंद झालं असेल तर पानच कोसळतं. शिवाय एखादी डिलीट मेथड हाताशी असतेच. जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कची टेम्प्लेटं तर मेथड दिसली की आपणहून बोलावतात, म्हणून तिथे मॉडेलच्या (म्हणजे तिथल्या एन्टिटीच्या) डिलीटवर 'हे डेटा बदलतं' अशी खूण असते आणि अशा मेथडला टेम्प्लेट हात लावत नाही. लिक्विड या आणखी एका टेम्प्लेट भाषेत ड्रॉप नावाचा क्लास लिहावा लागतो. त्यात जेवढं मांडाल तेवढंच टेम्प्लेटला दिसतं. मला ही पद्धत सगळ्यांत जास्त पटते. फ्रीमार्करमध्येही २.३.३० पासून कोणत्या क्लासचं काय दिसावं याची यादी देता येते. टेम्प्लेट बाहेरचं कुणी बदलणार असेल तर ती द्याच.

पानभर पावती छापायची असेल तर मात्र रॅपर लिहीत बसू नका. मॅप भरा, द्या, घरी जा. मीही तेच करते.

गेल्या एप्रिलमध्ये काकांचा फोन आला. रकमेपुढे '/-' हवं. रॅपरमध्ये एक ओळ घातली, चौदा टेम्प्लेटांपैकी एकही उघडलं नाही. पाच मिनिटांनी पुन्हा फोन. "ज्यांनी ॲडव्हान्स भरलाय त्यांच्या बिलावर उणे दिसतंय. लोक घाबरतात. तिथे 'जमा' लिहा." तीही एक ओळ.