गॅस इंजिनच्या चिमणीतली धूळ मोजली तेव्हा

गोव्यात कुंडईला आमच्या कंपनीत एक मेगावॉटचं गॅस इंजिन आहे, त्याची वीज प्लांटला आणि एक्झॉस्टवरच्या बॉयलरची स्टीम, जॅकेटचं (इंजिन थंड ठेवणारं) गरम पाणी प्रोसेसला, म्हणजे कोजनरेशन, एकाच इंधनातून वीज आणि उष्णता दोन्ही. युटिलिटी, म्हणजे वीज-स्टीमचं खातं, माझ्याकडे असते. यंदा कन्सेंट, म्हणजे प्रदूषण मंडळाची परवानगी, रिन्यू करायला स्टॅक सॅम्पलिंग, म्हणजे चिमणीतल्या गॅसचा नमुना घेऊन तपासणं, करायचं होतं आणि खरं सांगते, मला वाटलेलं अर्ध्या दिवसाचं काम. गॅस म्हणजे बहुतेक मीथेन, त्याला कसली आलीय धूळ, असंच सगळे म्हणत होते. डिझेल जनरेटर लावला की पत्रा काळा होतो, इथे डोळ्यांना काहीच दिसत नाही.

पहिला घोळ पोर्टचा. सॅम्पलिंगचं भोक वळणाच्या पुढे निदान चिमणीच्या व्यासाच्या आठपट लांब पाहिजे आणि वरच्या तोंडाच्या दोनपट खाली, कारण आत गॅस सरळ वाहत नसेल तर मोजमापाला अर्थ नाही. आमचं होतं बॉयलरच्या बेंडला चिकटून. मग नवीन पोर्ट कापा, प्लॅटफॉर्म बांधा, शिडीला पिंजरा लावा आणि हे सगळं जुलैच्या पावसात, लॅबची मुलं दोनदा येऊन नुसता चहा पिऊन परत गेली.

तिसऱ्या वेळी उघडीप मिळाली. पिटो ट्यूबने आधी वेग मोजतात, मग चिमणीत गॅस ज्या वेगाने वर जातोय त्याच वेगाने प्रोबमधून ओढायचा, वेग चुकला की कण कमी-जास्त शिरतात. प्रोबच्या आत काचेच्या धाग्याचं थिंबल असतं, धूळ अडवणारी टोपीसारखी गाळणी, ते आधी आणि नंतर वाळवून वजन करायचं. आकडा आला आम्ही धरला होता त्याच्या कितीतरी पट. माझी झोपच उडाली. पण आमच्या जुन्या फिटरने थिंबल हातात घेऊन बघितलं आणि म्हणाला, "बाय, हे काळं नाही, तांबडं आहे, हा गंज." बरोबरच होतं, बॉयलर आठवडाभर बंद होता, आत पाणी जमलेलं, वर नवीन पोर्टचा वेल्डिंगचा कचरा, आणि आम्ही इंजिन चालू करून तासाभरात सॅम्पल घेतलेलं. इंजिन पूर्ण लोडवर नीट तापून स्थिर व्हायला हवं होतं. रिपोर्टात ऑक्सिजनही नव्हता लिहिलेला. धुरात जास्तीची हवा असली की आकडा कमी दिसतो, म्हणून तो ठरलेल्या ऑक्सिजनवर हिशोबाने आणतात. समजा साडेनऊ टक्के ऑक्सिजनला २० मिलिग्रॅम मोजले तर १५ टक्क्यांवर आणल्यावर तेच साडेदहाच्या आत येतात, म्हणून ऑक्सिजनशिवाय आकडा कुणी दिला तर घेऊ नका.

दोन दिवस चालवून पुन्हा घेतलं. आकडा उतरला, पण थिंबल आता राखाडी, आणि मला ते जास्त लागलं. राखाडी म्हणजे राख, आणि गॅसमध्ये राख नसते. ती येते इंजिन ऑइलमधून, त्यातल्या ॲडिटिव्हमधलं कॅल्शियम, झिंक, फॉस्फरस, तेल जळतं आणि हे उरतं. मग ऑइलचं रजिस्टर काढलं. आधी दिवसाला पाच-सहा लिटर टॉप-अप लागायचा, तो गेल्या सहा महिन्यांत हळूहळू तेरा-चौदावर गेलेला, आणि रोज सही मीच करत होते! चांगल्या स्थितीतलं इंजिन विजेच्या एका युनिटमागे साधारण ०.१ ते ०.३ ग्रॅम तेल खातं, आमचं ०.५ च्या वर. सिलिंडरची हेड उघडली तर व्हॉल्व्हच्या दांड्यावर तेल अडवणारी स्टेम सील कडक होऊन तडकलेली, तेल दांड्याच्या गाइडमधून थेट सिलिंडरच्या आत. सगळी बदलली, त्यात चवथीची सुट्टीही गेली, आमच्या मेंटेनन्सच्या मुलांनी तक्रार न करता काम केलं.

त्यानंतरचं थिंबल जवळपास पांढरं होतं. टॉप-अप सहा लिटरवर आला. रिन्यूअल झालं.

तरी मला एक गोष्ट स्वस्थ बसू देत नाही. थिंबल वजन सांगतं. गॅस इंजिनचे कण बहुतेक शंभर नॅनोमीटरच्याही खालचे, तेलाची वाफ थंड होताना बनणारे थेंब त्यातच, लाखो असले तरी तराजूवर जवळपास शून्य, आणि तेच फुप्फुसात सगळ्यात खोल जातात. ते मोजायला कण मोजणारं वेगळं यंत्र लागतं, कन्सेंटच्या तपासणीत आमच्याकडून कुणी मागितलं नाही. क्रँककेसचा ब्रीदर, म्हणजे इंजिनच्या तळातली तेलकट वाफ बाहेर सोडणारा पाइप, तर आमच्याकडे सरळ बाहेर उघडा होता, वॉचमनची केबिन त्याच्या खाली आणि कंपाउंडच्या मागे वाड्यावरची घरं. त्याला ऑइल मिस्ट फिल्टर लावून पाइप परत इनटेकला जोडायची परवानगी मिळालीय, फिल्टर आलाय, पुढच्या शटडाउनला बसवतोय. तोवर केबिन तिथून हलवून गेटच्या पलीकडे नेलीय.