महजरातला आरसा नक्की कोणाचा?

एका गावच्या पाटलांच्या घरातून अर्ज आला होता, पाटलकीचा जुना कागद हवा, जत्रेत गावाच्या इतिहासाचं प्रदर्शन लावायचंय. बहुतेकांना घराण्याचं नाव असलेली एक ओळ मिळाली की पुरे असते, पण हे गावात लावणार म्हटल्यावर मी स्वतः शोधायला बसले. आमच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या जुन्या कागदांत, सुमारे ३९ हजार रुमाल आहेत, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे. प्रत्येक कागदाची सुटी नोंद नसते, प्रकरणावरून अंदाज बांधून रुमाल सोडायचा.

आणि सापडला तो थेट महजर! पाटलकीच्या भांडणात गोतसभेनं, म्हणजे गावकरी-वतनदारांच्या सभेनं, दिलेला निवाडा. मोडीत आधी अख्खी रेघ ओढून घेतात आणि मग अक्षरं खाली लटकवत जातात, शब्द तोडत नाहीत, त्यामुळे वाचताना डोळ्यापेक्षा कान जास्त लागतो, पुटपुटत गेलं की उलगडतं. साल होतं इसन्ने सबैन मया व अलफ. दोन, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे सुहूर सन (मराठी कागदांवरची अरबी आकड्यांची कालगणना) ११७२, त्यात ५९९ मिळवले की १७७१, आणि वर्ष मृगाला बदलतं म्हणून १७७१-७२. ही बेरीज जमली की मला आजही तितकाच आनंद होतो.

खाली साक्षीदार. पाटील-कुणब्यांची निशाणी नांगर, न्हाव्याची आरसा, चांभाराची आरी. सही करता न येणाऱ्यांनी हत्यार काढलंय. आरसा तर इतका नीट काढलाय की मूठसुद्धा आहे.

पाटलांचा मुलगा म्हणाला, "मॅडम, फ्लेक्सवर वरचा अर्धाच घेऊ, आमचं नाव तिथंच आहे." मी सरळ नाही म्हटलं. अख्ख्या गावानं खूण केली म्हणून ती पाटलकी पक्की झाली ना, साक्षीदार कापले तर महजर राहतोच कुठे? त्याला पटलं, पूर्ण कागद लागला.

जत्रेत गर्दी झाली ती खालच्या अर्ध्यापुढेच. न्हावी आळीतले एक आजोबा बराच वेळ आरशाकडे बघत होते. मग म्हणाले, "बाई, गावात आमचं एकच घर, पहिल्यापासून. हा आमचाच. तेवढं तुमच्या हापिसच्या कागदावर लिहून द्या."

मला देता आलं नाही. महजरात नुसतं एक नाव आणि पुढे न्हावी, बापाचं नावही नाही. पाटलांना मात्र मी लगेच लिहून दिलं होतं, कारण त्यांची वंशावळ कागदोकागदी जुळते. १८५२ च्या कायद्यानं इंग्रजांच्या इनाम कमिशननं इनामदार-वतनदारांना हक्क कागदानं सिद्ध करायला लावले, त्यामुळे असल्या घरांचे कागद गोळा झाले, तपासले गेले, जपले गेले. न्हाव्याचं बलुतं खळ्यावर धान्यात मिळायचं, त्याचा हिशोब बहुतेक तोंडी.

एक सहकारी म्हणाला, द्यायचं होतं लिहून, कोण विचारतंय! असं बोलणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. आज मायेपोटी एक दाखला सैल दिला तर उद्या पैशापोटी दहा निघतील आणि मग आमच्या शिक्क्याला किंमत काय? पण आजोबांचा चेहरा आठवला की हेच उत्तर अपुरं वाटतं. घर तेच असण्याची शक्यता खूप आहे हे मलाही दिसतंय, आणि पुरावा नाही याचा दोष त्यांचा नाहीये.

शेवटी त्यांच्याशेजारी बसून पिढ्या लिहून घेतल्या. पाच नावं निघाली, घरातल्या धाकट्याला मधेच थांबवत, दुरुस्त करत सांगितली आजोबांनी. तारीख घालून, तोंडी माहिती म्हणून स्पष्ट नोंद करून ती पाटी आरशाखाली लावली, आणि पाटलांच्या मुलानंच ती फ्रेम करून आणली. पाचवं नाव अंदाजे १८७० च्या आसपास पोचतं. तिथून १७७१ पर्यंत शंभर वर्षं उरतात, म्हणजे अजून तीन-चार नावं. त्या गावच्या वतनाच्या तंट्यांचे इतर कागद आता काढलेत, साक्षीदारांच्या याद्या आधी वाचतेय.