उंदीरमामा डोळ्यांसाठी खोळंबले : माझा अनुभव

यंदा गणपतीत मखराला क्रोशाच्या उंदरांचं तोरण लावलं. अकरा उंदीर आणि मध्ये मध्ये मोदक. दर्शनाला आलेल्या निम्म्या बायकांनी विचारलं, ‘केवढा वेळ लागला असेल गं!’ विणायला तसा नाही लागला. वेळ खाल्ला तो कुरिअरने, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. तेव्हा विणकामाचं आधी उरकते.

2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून आमच्याकडे श्रावण लागला की ‘यंदा काय करायचं?’ सुरू होतं. पुठ्ठा झाला, कागदी फुलं झाली, सासूबाईंच्या साड्यांचे पडदे झाले. क्रोशा मला शाळेपासून येतो, म्हणून यंदा उंदीर.

सुरुवात नाकापासून. मॅजिक रिंगमध्ये (म्हणजे दोऱ्याचा ओढून घट्ट होणारा फास) 6 मुके खांब (क्रोशाचा आखूड, साधा टाका, सिंगल क्रोशे). प्रत्येक ओळीत सहा-सहा वाढवले तर सपाट चकती होते, आणि आपल्याला हवं निमुळतं तोंड. म्हणून एक ओळ वाढवायची, पुढची तशीच विणायची, असं 30 टाक्यांपर्यंत. मग काही ओळी सरळ, आणि मागे घटवत बंद. ओळी जोडायच्या नाहीत, गोल गोल विणत राहायचं. म्हणून ओळीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवा, नाहीतर मोजणी कधी चुकली ते कळतच नाही. दोऱ्याच्या गुंडीच्या लेबलवर 4 मिमीची सुई लिहिलेली असली तरी 2.5 ची घ्या. वीण सैल झाली की भरलेला फायबर टाक्यांतून डोकावतो. शेपटी म्हणजे नुसती साखळी. मोदक तर उंदरांपेक्षाही सोपे.

आता डोळे. या बाहुल्यांना काळे चकचकीत प्लास्टिकचे डोळे लावतात, सेफ्टी आइज. मागे दांडी असते, ती टाक्यांतून आत घालायची आणि आतून वॉशर दाबून बसवायचा. एकदा ‘टक्’ झालं की निघत नाही. हे सगळं अंग बंद करण्याआधी करावं लागतं, कारण नंतर आत हात जात नाही. मला हवे होते 6 मिमीचे. तुळशीबागेत मिळाले ते चिकटवायचे, बुबुळ हलणारे. ते लावले असते तर बाप्पासमोर अकरा दारुडे बसल्यासारखे दिसले असते. म्हणून ऑनलाइन मागवले.

‘आज डिलिव्हरी होईल’ असा मेसेज आला. मी सुट्टी टाकून घरी. संध्याकाळी दुसरा मेसेज : ‘ग्राहक घरी नसल्याने पार्सल परत नेले.’ बेल वाजली नाही, फोन वाजला नाही. वॉचमनकाकांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘ताई, आज गेटवर त्यांचं कुणी आलंच नाही.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग ‘पत्ता अपूर्ण’. याच पत्त्यावर वर्षानुवर्षं गॅस येतो, वीजबिल येतं, लांबच्या नातेवाइकांच्या पत्रिका येतात, तो अचानक अपूर्ण झाला! हेल्पलाइनवर आधी यंत्राशी बोला, मग गाणं ऐका, मग एक मुलगी अतिशय गोड आवाजात सांगते, ‘मॅडम, तुमची तक्रार नोंदवली आहे, 48 तासांत निराकरण होईल.’ 48 तासांनी मेसेज येतो : ‘तक्रारीचे निराकरण झाले आहे.’ पार्सलचा पत्ता नाही! शेवटी डिलिव्हरीवाल्या मुलाचा नंबर मिळवून फोन केला. ‘मॅडम, सणाचा लोड आहे, उद्या नक्की.’ त्याच्या आवाजावरूनच कळलं की तोही बिचारा कावलाय. म्हटलं, ‘दादा, उद्या नक्की ना?’ तर फोन कट.

इकडे डायनिंग टेबलवर उंदीर रांगेत पडून. तोंड तयार, कान शिवलेले, मागून सताड उघडे, आणि उसवू नयेत म्हणून शेवटच्या टाक्यात साडीच्या पिना अडकवलेल्या. नवऱ्याला चहाचा कप ठेवायला जागा नाही. हरतालिका तोंडावर आली.

मग भरतकामाचा डबा काढला. काळा दोरा, चार पदरी, गाठीचा टाका. नाकापासून सातव्या-आठव्या ओळीच्या मध्ये, दोन डोळ्यांत 6 टाक्यांचं अंतर. एका डोळ्यातून सुई दुसऱ्यात काढताना दोरा किंचित ओढून घ्या, डोळा जरा आत बसतो आणि तोंडाला खरा उंदीरपणा येतो. बाजूला पांढऱ्या दोऱ्याचा एक बारीक टाका घातला की तो बघायला लागतो. मुख्य म्हणजे हे डोळे उंदीर भरून, बंद करूनसुद्धा काढता येतात. कुणासाठी काही अडत नाही. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर तसेही दोऱ्याचेच डोळे करा. ते प्लास्टिकचे उपटून निघाले तर सरळ तोंडात जातात.

हो, फायबरचं राहिलं. जुन्या उशीतला पॉलिस्टरचा चालतो, कापूस नको, धुतल्यावर गोळे होतात. आणि तोरण समई-निरांजनापासून लांब बांधा, दोरा शेवटी दोराच आहे.

विसर्जनानंतर पार्सल आलं. परत करायचं तर त्याच कुरिअरला पुन्हा घरी बोलवावं लागलं असतं, म्हणून ठेवून घेतलं.