पिस्तूल डिकीत, सहा राज्यं वाटेत: पेनसिल्व्हेनिया ते मेन

फिलाडेल्फियाहून मेनमधल्या पोर्टलंडला जायचं तर बहुतेक जण न्यू जर्सीतून आय-९५ महामार्ग पकडतात. आम्ही मुद्दाम उत्तरेला स्क्रँटनला गेलो आणि तिथून आय-८४ ला लागलो. माझं टार्गेट पिस्तूल बरोबर होतं आणि मला न्यू जर्सीत चाकही घालायचं नव्हतं.

पेनसिल्व्हेनियात पिस्तूल जवळ बाळगायचं लायसन्स काउंटीचा शेरीफ देतो, फिलाडेल्फिया शहरात पोलीस. वय २१ पूर्ण हवं, फी २० डॉलर, मुदत ५ वर्षं. पण न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्समध्ये ते चालत नाही. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक तरुण आई हेच लायसन्स घेऊन अटलांटिक सिटीकडे निघाली होती. ट्रॅफिक पोलिसाने थांबवल्यावर तिने आपणहून पिस्तुलाचं सांगितलं आणि तिथेच अटक झाली. साडेतीन वर्षांची सक्तीची कैद डोक्यावर टांगलेली होती. बराच गाजावाजा झाल्यावर तुरुंग टळला आणि २०१५ मध्ये गव्हर्नरने माफी दिली. घरात लहान मुलं असलेल्या बाईवर ही वेळ यावी, याचं मला आजही वाईट वाटतं.

मधली राज्यं ओलांडायला १९८६ च्या केंद्रीय कायद्याचा आधार आहे. निघालात तिथे आणि पोहोचणार तिथे, दोन्हीकडे ते शस्त्र बाळगणं तुमच्यासाठी कायदेशीर हवं. पिस्तूल रिकामं हवं, आणि ते किंवा काडतुसं बसल्या जागेवरून हाताला लागता कामा नयेत. आम्ही घरीच मॅगझिन (गोळ्यांचा खोका) काढलं, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागेत, बोट घालून खात्री केली, केबल लॉक (तारेचं कुलूप) ओवलं आणि पिस्तूल कडक पेटीत ठेवून कुलूप लावलं. काडतुसांचा डबा वेगळा, त्यालाही कुलूप, दोन्ही डिकीत. एसयूव्हीला वेगळी डिकी नसते, तिथे कुलूपबंद पेटी लागतेच. ग्लोव्ह बॉक्स किंवा मधला कन्सोल चालत नाही, कुलूप असलं तरी. दहापेक्षा जास्त गोळ्यांची मॅगझिन्स घरीच ठेवा, वाटेतल्या तीन राज्यांत त्यांवर बंदी आहे.

हे संरक्षण जाणाऱ्याला आहे, मुक्काम करणाऱ्याला नाही. २००५ मध्ये युटाच्या एका प्रवाशाचं न्यू जर्सीतल्या नेवार्कला विमान चुकलं, पिस्तूल असलेली बॅग हातात मिळाली आणि तो हॉटेलात राहिला. दुसऱ्या दिवशी चेक-इनला त्याने पिस्तूल रीतसर जाहीर केलं तेव्हा अटक झाली. अपील कोर्टाने २०१० मध्ये सांगितलं की त्या रात्री पिस्तूल त्याच्या हाताशी होतं, म्हणून कायद्याचा आधार नाही. विमानाने जाणाऱ्यांनी अशी बॅग ताब्यातच घेऊ नये, एअरलाइनकडेच राहू द्यावी.

म्हणून आम्ही मॅटामोरासला पेनसिल्व्हेनियाच्या शेवटच्या एक्झिटवर टाकी भरली, पोळीभाजीचे डबे बरोबर घेतले आणि न्यू हॅम्पशायर येईपर्यंत बाथरूमपुरतेच थांबलो. वेग मर्यादेतच ठेवा, बहुतेक भानगडी साध्या ट्रॅफिक स्टॉपपासून सुरू होतात. कनेक्टिकटमध्ये हा रस्ता न्यूटाउनवरून जातो. १४ डिसेंबर २०१२ ला तिथल्या सँडी हुक शाळेत २० मुलं आणि ६ शिक्षक-कर्मचारी मारले गेले. न्यूयॉर्क आणि कनेक्टिकटचे कायदे पुढच्या काही महिन्यांतच कडक झाले. नेमबाजी माझी आवडती गोष्ट आहे, तरी त्या कायद्यांबद्दल माझी तक्रार नाही.

न्यू हॅम्पशायरमध्ये २०१७ पासून आणि मेनमध्ये २०१५ पासून परमिटशिवाय पिस्तूल बाळगता येतं. मेनमध्ये परमिट नसताना कपड्याआड बाळगत असाल, तर पोलिसाने अडवताच आपणहून सांगणं बंधनकारक आहे. निघण्याच्या आदल्या रात्री प्रत्येक राज्याच्या पोलिसांची वेबसाइट बघा, नियम बदलत राहतात.

आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: एच-१बी, एच-४, एफ-१ किंवा व्हिजिटर व्हिसावर असलेल्याला शस्त्रच काय, एक काडतूसही बाळगता येत नाही. इथल्या राज्याचं शिकारीचं लायसन्स असणं यांसारखे मोजकेच अपवाद आहेत. ग्रीन कार्ड असेल तर शस्त्र घेता येतं, पण शस्त्रासंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर देशाबाहेर काढू शकतात. भारतातून आई-बाबा आलेले असतील तर त्यांना घेऊन निघताना पिस्तूल घरच्या तिजोरीतच ठेवा, आणि तिजोरीचा नंबर त्यांना सांगू नका.