पेंढा ओढणारं पिल्लू

गेला दीड महिना मी रोज रात्री झोपायच्या आधी एक अस्वलाचं पिल्लू बघते. अनाथ पिल्लं सांभाळणाऱ्या एका केंद्राने त्याच्या कुंपणात कॅमेरा लावलाय. अमेरिकन काळं अस्वल, वय साधारण दहा-अकरा महिने, आई उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच गेली. केंद्रात त्याला नाव नाहीये, नुसता नंबर आहे (मुद्दामच, पुढे जंगलात सोडायचंय ना, माणसांना त्याचा आणि त्याला माणसांचा लळा नको), पण मला कोण अडवतंय, मी त्याला गुंड्या म्हणते. नोव्हेंबरपर्यंत ते इतकं गोल झालं होतं की मागून बघितलं तर डोकं कुठे संपतंय आणि पोट कुठे सुरू होतंय कळायचंच नाही.

तर गुंड्याची ही पहिली शीतनिद्रा. म्हणजे तसं बघायला गेलं तर हिवाळा दुसरा, कारण ही अस्वलं जन्मालाच येतात जानेवारीच्या आसपास, ऐन थंडीत, आई गुहेत पडून असताना. जन्मतः वजन पाव किलोच्या आसपास, डोळे बंद, अंगावर केस नावालाच. पण तेव्हा पिल्लू काही शीतनिद्रेत नसतं, झोपलेली असते आई, हे आपलं तिला चिकटून दूध पीत असतं. त्या आईचंही नवलच आहे, मीलन होतं जून-जुलैत पण गर्भ तसाच थांबून राहतो आणि हिवाळा तोंडावर आला, अंगावर पुरेशी चरबी असली, तरच तो रुजतो आणि पुढे वाढतो. आणि पुढच्या हिवाळ्यात, म्हणजे आत्ता गुंड्याचा जो चाललाय त्यात, पिल्लू पुन्हा आईबरोबरच एका गुहेत झोपतं. हीच झोप त्याला एकट्याने झोपायचीये.

लहान पिल्लं असली तर एक वेगळा उपाय करतात म्हणे, गुहेत स्वतःची पिल्लं घेऊन झोपलेली दुसरी एखादी मादी शोधायची आणि हे अनाथ पिल्लू गुपचूप तिच्यात सरकवायचं. आईला वासावरून परकं कळू नये म्हणून विक्स लावतात, हो तेच आपलं विक्स! वाचून मी पाच मिनिटं हसत होते. पण गुंड्याची आई गेली तोवर सगळ्या माद्या केव्हाच गुहेबाहेर पडून पांगल्या होत्या, त्यामुळे तो रस्ता बंद.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या प्राण्यांना जी भूक लागते ती भूक नाही, झपाटणंच म्हणायचं. मोठं अस्वल त्या दिवसांत दिवसाला २०,००० कॅलरींपर्यंत खाऊ शकतं. अलास्कातल्या कटमाई नॅशनल पार्कमध्ये तर २०१४ पासून लोक ऑनलाइन मत देऊन सगळ्यात जाड अस्वल निवडतात, फॅट बेअर वीक म्हणतात त्याला, आणि जगातली ही एकच स्पर्धा असेल जिथे पोट सुटलेल्याला लोक मनापासून टाळ्या देतात. असो. गुंड्या पण तसाच खायचा. सफरचंदं, बिया, बेरी, दिसेल ते, आणि खाऊन झालं की मोकळं घमेलं उलटं करून खाली काही राहिलंय का तेही बघायचा.

आणि मग नोव्हेंबरच्या मध्यावर त्यांनी त्याचं खाणं कमी करायला सुरुवात केली. आधी थोडं, मग अर्धं, मग एक दिवस आड.

मला खरंच राग आला. एवढंसं पोर, आई नाही, बाहेर थंडी वाढत चाललीये आणि हे लोक त्याचं ताट काढून घेतायत? मी चक्क ईमेल टाइप करायला घेतला होता, दोन परिच्छेद झाले पण होते. मग म्हटलं पाठवायच्या आधी जरा वाचावं तरी, आणि बरं झालं वाचलं. कारण पोट भरायची सोय बारा महिने असली तर बंदिवासातली अस्वलं बऱ्याचदा शीतनिद्रेत जातच नाहीत, नुसती सुस्तावून इकडे-तिकडे लोळत राहतात. थंडीपेक्षाही अन्न संपणं हा मोठा इशारा असतो, सोबत दिवस लहान होत जातात आणि आतलं घड्याळ असतंच. उगाच नाही अस्वलाची जी जात गरम प्रदेशात राहते, जिला वर्षभर किडामुंगी-फळं काही ना काही मिळत राहतं, ती झोपतच नाही. बरं, नाही झोपलं तर मरणार नाही गुंड्या, पण चार महिने जागं राहायचं म्हणजे चार महिने रोज माणसाच्या पावलांचा आवाज ऐकून पळत यायचं, आणि असं पिल्लू वसंतात सोडलं की सरळ कुणाच्या तरी घराच्या कचराकुंडीशी जाऊन उभं राहणार. त्याचा शेवट बहुतेक वेळा वाईट होतो. ईमेल डिलीट केला.

गंमत म्हणजे शेवटी शेवटी त्यालाच खायचं नव्हतं. एक दिवस सफरचंदाचे तुकडे तसेच पडलेले, त्याने हुंगले आणि निघून गेला. चरबी पुरेशी झाली की भूक आपोआप मरते, शरीरच दुकान बंद करायला लागतं.

आत काय चालतं हे वाचताना मी रात्रीचे दोन वाजवले. २०११ साली अलास्का युनिव्हर्सिटीच्या लोकांनी पाच काळ्या अस्वलांचा अभ्यास छापला होता, ही वस्तीच्या फार जवळ यायला लागलेली म्हणून पकडलेली अस्वलं, त्यांना रानात लाकडी खोकी ठेवून, पेंढा घालून कृत्रिम गुहा करून दिल्या, अंगात सेन्सर, वर कॅमेरे. चयापचय नेहमीच्या पावपट झालेलं, हृदयाचे ठोके मिनिटाला ५५ वरून १४ च्या आसपास, कधी कधी दोन ठोक्यांमध्ये वीस-वीस सेकंदांचा गॅप. पण शरीराचं तापमान ३० अंशांच्या खाली गेलं नाही. जमिनीत बिळं करून राहणाऱ्या खारी-बिरी शीतनिद्रेत बर्फासारख्या गार पडतात, अस्वल तसं पडत नाही, त्यामुळे काही गडबड झाली तर ते उठून उभं राहू शकतं, म्हणून झोपलंय म्हणून जवळ जायचं नसतं.

महिनोन्‌महिने खाणं नाही, पाणी नाही, शी नाही, शू नाही. आपण असे पडून राहिलो तर हाडं ठिसूळ होतील, स्नायू झडतील, पायात रक्ताच्या गाठी होतील. अस्वल लघवीत जाणारा युरिया फिरवून पुन्हा प्रथिनं करायला वापरतं. गाठींचं कोडं २०२३ मध्ये थोडं सुटलं, स्कँडिनेव्हियातल्या तपकिरी अस्वलांच्या प्लेटलेट्समध्ये (रक्त गोठवणाऱ्या पेशी) हिवाळ्यात एचएसपी४७ नावाचं एक प्रथिन कमी होतं, थोडंथोडकं नाही, तब्बल ५५ पट. आणि इन्सुलिनचं तर विचारूच नका, इतकं जाड होऊन, हिवाळ्यात इन्सुलिनला दाद न देऊन, यांना डायबेटीस होत नाही, वसंतात सगळं परत जागेवर. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत पाळलेली ग्रिझली (तपकिरी अस्वलांचाच एक प्रकार) आहेत, त्यांना झोपेच्या मध्येच दोन आठवडे मधाचं पाणी देऊन रक्त तपासलं आणि २०२२ मध्ये छापलं की या स्विचमागे आठ प्रथिनं असावीत. मधाचं पाणी! अर्धवट झोपेत कुणी मला असं काही दिलं तर मी पण हवं तेवढं रक्त देईन.

पण हे सगळं एकीकडे आणि मी बघितलेली ती रात्र एकीकडे. केंद्राच्या लोकांनी कुंपणात पेंढ्याचे गठ्ठे नुसते टाकून ठेवले होते, खोक्यात अंथरून दिलं नव्हतं. मला वाटलं विसरले. पहिले दोन दिवस गुंड्याने त्या पेंढ्यात नुसता धिंगाणा घातला, डोक्यावर उडव, त्यावर लोळ, एक काडी घेऊन पळ. तिसऱ्या रात्री काय झालं कोण जाणे, तो गठ्ठ्यापाशी गेला, दोन्ही पुढच्या पायांत पेंढा कवटाळला आणि उलटा चालत, मागे मागे सरकत, खोक्यात घेऊन गेला. परत बाहेर, परत कवळभर, परत उलटा. तासभर हेच. मध्येच एक भारा तोंडाशी अडकला, दारातून जाईना, तर सोडून थोडा कमी घेऊन गेला. आत जाऊन पंज्याने कडेकडेला सारत मध्ये खळगा केला, त्यात गोल फिरला, बसला, उठला, कुठेतरी टोचत असावं, परत सारखं केलं. हे याने कुणाचं बघितलं होतं? आईबरोबर गुहेत होता तेव्हा बाहेर पडेपर्यंत तो चालायला शिकत होता, अंथरूण कधी घातलं हे बघायला जन्मालाच आला नव्हता. मी फोन हातात धरून अक्षरशः रडले, का ते मला नीट सांगता येणार नाही.

आता आठवडा झाला, घमेलं उचलून नेलंय. खोक्यातल्या कॅमेऱ्यात काळपट गोळा दिसतो, नाक पोटात खुपसलेलं, एक कान तेवढा वर. मध्ये एकदा कूस बदलली आणि पाठीवरचा पेंढा सरकला, तर डोळे न उघडता पंज्याने ओढून घेतला. काल मी मोबाईलवर टायमर लावून श्वास मोजत बसले होते. पेंढा जरासा वर आला, खाली गेला. मग काहीच नाही. बावीस, तेवीस, चोवीस… माझाच जीव वर-खाली व्हायला लागला, अडतीसला परत हलला.