गोपनीय शिक्क्याची नऊ पानं

पॅच, म्हणजे कोडमधला बदल, लिहायला मला दोन आठवडे लागले आणि तो एलएलव्हीएम या खुल्या कंपायलर प्रकल्पात जायला सात महिने. मधल्या काळात कोणी ‘काय रे, तिकडचे लोक अडवतायत का?’ असं विचारलं की माझी सटकायची. अडवलं होतं नाशिकच्या अंबडमधून, आमच्याच कंपनीतून.

आमची कंपनी मोटारीचे ड्राइव्ह बनवते. त्यासाठी एफपीजीएवर, म्हणजे हवी तशी जुळवता येणाऱ्या चिपवर, रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेचा स्वतःचा प्रोसेसर कोअर आहे आणि त्यात चार जादा इन्स्ट्रक्शन (चिपला द्यायच्या आज्ञा) आहेत. उदाहरणार्थ, दोन १६ बिटी आकड्यांचा गुणाकार करायचा आणि उत्तर मर्यादेबाहेर गेलं तर मर्यादेच्या आकड्यावरच थांबवायचं. कंपायलरचे (प्रोग्रॅम चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) बदल आम्ही आमच्यापाशीच ठेवायचो, पण एलएलव्हीएमची मोठी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि दर वेळी आमचं काहीतरी तुटायचं. म्हटलं, मूळ प्रकल्पातच घालून टाकू.

फेब्रुवारीत पाठवलं. पहिला शेरा नावावर आला. खाजगी इन्स्ट्रक्शनच्या नावाआधी कंपनीचा उपसर्ग आणि टिंब लागतं, आम्ही नुसतं ‘मलसॅट’ ठेवलं होतं. ते तासाभरात उरकलं. दुसरा शेरा एका ओळीचा होता: या एक्स्टेन्शनचं (जादा इन्स्ट्रक्शनच्या संचाचं) स्पेसिफिकेशन, म्हणजे नेमकं वर्णन, सगळ्यांना वाचता येईल असं कुठे आहे, आणि त्याची आवृत्ती कोणती?

आमच्याकडे होतं. ३१ पानी, प्रत्येक पानावर तिरका ‘गोपनीय’ शिक्का.

साहेब म्हणाले, “तुला कोड द्यायला परवानगी दिली, कागद द्यायला नाही.” मग विषय वकिलांकडे गेला. सीबीएस बसस्थानकाजवळ, कोर्टासमोर त्यांचं ऑफिस. टेबलावर सातबाऱ्यांचा आणि द्राक्षबागांच्या खरेदीखतांचा ढीग. आमची फाइल त्या ढिगात खाली खाली जात राहिली. दर शुक्रवारी फोन केला की “सोमवारी बघतो.” मार्च गेला, एप्रिल गेला. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी म्हणून वकीलसाहेब गावाला. इकडे पॅचवर कोणीतरी विचारून गेलं, ‘यावर अजून काम चालू आहे का?’ काय उत्तर देणार?

जूनमध्ये एकदाचे बसले तर नजर पडली ती एलएलव्हीएमच्या लायसन्सवर. ते अपाचे २.० आहे, वर एलएलव्हीएमचे स्वतःचे अपवाद. त्यातलं तिसरं कलम पेटंटचं.

“इथे पेटंट शब्द आहे. आपण हक्क देऊन टाकतोय,” वकील म्हणाले.

“आपल्याकडे पेटंट आहे का, वकीलसाहेब?” मी विचारलं.

“नाही. पण उद्या घेतलं तर?”

ती परवानगी आपण दिलेल्या कोडपुरतीच असते, हे मी तीन वेळा समजावलं. शेवटी वैतागून माझ्या टेबलजेन फाइलचं, म्हणजे एलएलव्हीएमला इन्स्ट्रक्शनची ओळख करून देणाऱ्या फाइलचं, प्रिंट त्यांच्यापुढे ठेवलं. कोणता बिट कुठे, ओपकोड (इन्स्ट्रक्शनचा सांकेतिक आकडा) कोणता, सगळं त्यातच लिहिलेलं. “हे तर कोडबरोबर जगजाहीर होणारच आहे. मग पीडीएफ लपवून काय राहणार?”

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. “म्हणजे गट नंबर आणि चतुःसीमा सांगायच्या, घराचा नकाशा नाही.”

चार महिने मला जे सांगता आलं नव्हतं ते हेच. ३१ पानांतली नऊ इन्स्ट्रक्शनची, उरलेली बावीस आतल्या सर्किटची. नऊ पानं वेगळी काढली, वर ‘आवृत्ती १.०’ टाकलं, संकेतस्थळावर चढवली. तेव्हा कोणी यात पडणार असेल तर कोडची एकही ओळ लिहिण्याआधी इन्स्ट्रक्शनचा कागद आणि सर्किटचा कागद वेगळे करा. मी उलट केलं.

तोवर जुलै आला. जानेवारी आणि जुलैत नव्या आवृत्तीची फांदी, म्हणजे तिच्यासाठीची वेगळी प्रत, निघते; ती हुकली. पुढचं मग फारसं अडलं नाही. सगळं एकदम पाठवू नका, आधी फक्त असेम्बलर-डिसअसेम्बलर (इन्स्ट्रक्शनची नावं बिटांत आणि बिट परत नावांत बदलणारे भाग) आणि त्यांच्या टेस्ट द्या, कोड जनरेशन (कंपायलरने स्वतः त्या इन्स्ट्रक्शन वापरणं) नंतर. ‘झेडबीबीत मिन-मॅक्स आहेत, त्यांनी का भागत नाही?’ (झेडबीबी हे रिस्क-फाइव्हचं प्रमाणित एक्स्टेन्शन; मिन-मॅक्स दोनांतला लहान-मोठा आकडा निवडतात) असा प्रश्न येतोच, त्याला भावनेचं नाही, सायकल मोजून उत्तर द्यायचं. आठवडाभर कोणी बोललं नाही तर एक नम्र ‘पिंग’, म्हणजे आठवणीचा संदेश, चालतो, रोज नाही. आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: गिटहबवर ईमेल लपवलेला असेल तर तो उघडा करा, नाहीतर बॉट टोकतो. ८ जीबीच्या लॅपटॉपवर बिल्ड करणार असाल तर टार्गेट फक्त रिस्क-फाइव्ह निवडा आणि एका वेळी लिंकिंगचं (तयार तुकडे जोडण्याचं) एकच काम चालू द्या. माझा लॅपटॉप दोनदा गोठला तेव्हा हे कळलं.

सप्टेंबरमध्ये रात्री दीडला पॅच मर्ज झाला, म्हणजे मूळ प्रकल्पात शिरला. बिल्डबॉट, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप तपासणारी यंत्रं, हिरवे होईपर्यंत जागा राहिलो, कारण एक जरी लाल झाला असता तर पॅच मागे घेतला गेला असता.

सकाळी साहेबांना सांगितलं. त्यांनी नऊ पानांचं रंगीत प्रिंट काढून स्पायरल बाइंडिंग करून घेतलं. आता ते केबिनमध्ये दर्शनी टेबलावर असतं, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चहाबरोबर हातात दिलं जातं.