मुठीची गोष्ट

टेबल टेनिसची बॅट घेताना माणसं रबरावर तासभर खल करतात. स्पिन किती, स्पीड किती, स्पंज किती जाड. मुठीचा विषय निघाला की दुकानदार एवढंच विचारतो, ‘फ्लेअर्ड की स्ट्रेट?’ म्हणजे खाली पसरट होत जाणारी की सरळ, आणि आपण लोकलचं तिकीट मागावं तसं ‘फ्लेअर्ड’ म्हणून मोकळे होतो. बॉल रबराला लागतो न लागतो तोच सुटतो. मूठ मात्र सगळा वेळ हातात असते.

खरी गडबड असते मुठीच्या वर, पातं जिथे सुरू होतं त्या खांद्यांपाशी. कारखान्यातून आलेल्या बॅटला तिथे चांगलीच धारदार कड असते, आणि ती नेमकी तर्जनीच्या मुळाशी रुतते. फोड येतो, पुढे घट्टा पडतो. तो चालेल एक वेळ. पण बोट आपल्या नकळत ती कड टाळायला लागतं, बॅट हातात किंचित फिरते, पात्याचा कोन बदलतो आणि बॅकहँड टेबलाबाहेर. मग आपण मूठ आणखी आवळतो. आवळली की कोपरापर्यंतचा हात ताठरतो आणि मनगट मुकाट बसतं. टॉपस्पिनची, म्हणजे बॉलला पुढे फिरकी देणाऱ्या फटक्याची, ताकद तर ढिल्या हातातून येते. बोटं आवळायची ती बॉल लागतानाच. त्यामुळे आराम आणि जोर या दोन वेगळ्या मागण्या आहेत, असं मला वाटत नाही.

उपाय स्वस्त आहे: 220 नंबरचा पॉलिश पेपर. रबराच्या कडेला मास्किंग टेप लावायचा, कागद पेन्सिलीला गुंडाळायचा आणि खांद्याच्या खोबणीत हलक्या हाताने फिरवायचा. चार हात मारले की भुसा पुसायचा, बॅट धरायची, हवेत फटका मारून बघायचा. वरचा काळपट, मळका थर जाऊन आतलं फिकट लाकूड दिसू लागतं. कड नुसती गोल झाली की थांबायचं. शेवटी 400 नंबरचा, आणखी बारीक कागद. इथे लोभ सुटतो, पण गेलेलं लाकूड परत येत नाही.

मूठ बारीक करण्याच्या मात्र मी विरोधात नाही आणि बाजूनेही नाही. मूठ हलकी झाली की बॅट पुढे जड लागते, फटक्याला वजन येतं. उलट ग्रिप टेप गुंडाळली की वजन हाताकडे सरकतं, मनगट चपळ होतं. रबरांसकट बॅट साधारण 180 ग्रॅमची, त्यात पाच ग्रॅमसुद्धा कळतात. टेपचा दुसरा फायदा घामेजल्या हाताला. 2.7 ग्रॅमचा बॉल वाऱ्याने हलतो म्हणून हॉलमधले पंखे बंद, आणि मे महिन्यातली मुंबई!

नियमही इथे उदार आहेत. पात्यात 85 टक्के नैसर्गिक लाकूड हवं, रबराच्या जाडीला मर्यादा आहे. पण बोटं टेकतात तेवढा भाग रबराविना ठेवला तरी चालतो. पेन धरावं तशी बॅट धरणारे जपानी पद्धतीचे खेळाडू तर मुठीवरचा कॉर्क आपापल्या बोटांप्रमाणे कोरून घेतात. 2004 मध्ये अथेन्सला एकेरीचं सुवर्ण जिंकणारा कोरियाचा र्यू सुंग-मिन याच घराण्यातला.

हल्ली हॉलमध्ये कुणी नवी बॅट आणली की मी खांद्याला तर्जनी लावून बघतो आणि किटमधला पॉलिश पेपर काढू का, म्हणून विचारतो. अजून कुणी हो म्हटलेलं नाही.